वॉर्ड म्हणजे पहारेकरी नव्हे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. वॉर्ड या आडनावाबद्दल तू टिपणात लिहिलंस, 'वॉर्ड म्हणजे पहारेकरी', आणि आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या तुझ्या शेजारच्या वॉर्ड आजी म्हणतात, आम्ही कवींच्या घराण्यातले. इथेच तू अडलीस.

आधी ते इंग्रजी स्पेलिंग बाजूला ठेव. नाव आयरिशमध्ये मोठ्यानं म्हण: मॅक अन वार्ड. मूळ शब्द 'बार्ड', म्हणजे कवी. आपल्याकडे 'घोडा'चं 'घोड्याचा' होताना शब्दाचा शेवट बदलतो. इथे आरंभही बदलतो, 'ब'चा 'व' होतो. 'मॅक' म्हणजे मुलगा, म्हणून कवीचा मुलगा! इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी कानावर पडलं तसं वॉर्ड लिहिलं. उच्चार थोडाफार टिकला, अर्थ गेला. कॅव्हनच्या मॅकगोवनांचं उलट झालं. 'गोवा' म्हणजे लोहार, म्हणून ते भाषांतर होऊन स्मिथ झाले. अर्थ राहिला, आवाज गेला. म्हणून म्हणते, स्पेलिंगवरून अर्थ लावू नकोस.

डोनेगलचे मॅक अन वार्ड हे ओ'डॉनेल सरदारांचे पिढीजात कवी. 1607 मध्ये सरदार देश सोडून गेले. पुढे रोममध्ये भावांच्या कबरीशी एकटीच रडणाऱ्या, त्याच ओ'डॉनेल घराण्यातल्या नुआलाला ओवेन रुआ मॅक अन वार्ड आपल्या कवितेत सांगतो, हे आपल्या मुलखात घडलं असतं तर तुझ्याबरोबर रडायला बायकांची रीघ लागली असती. अशा घराण्याला तू पहारेकरी ठरवणार?

मला राग येतो, कारण हेच मी केलंय. तीस वर्षांपूर्वी डोनेगलमध्ये एका म्हाताऱ्या वॉर्डना मी छापील कोश उघडून दाखवला. पहारेकरी, बघा. ते हातातली टोपी चुरगाळत 'असेल' एवढंच म्हणाले. चूक कळल्यावर परत गेले, तेव्हा ते हयात नव्हते. लोक मला हेकट म्हणतात. म्हणू देत. त्या 'असेल'नंतर मी स्पेलिंगवर विश्वास ठेवलेला नाही, आणि ते बरोबरच केलं.

अर्थात इंग्लंडहून आलेले वॉर्डही आहेत, त्यांचा अर्थ खरंच पहारेकरी. म्हणून स्पेलिंग सोड आणि गाव धर. वॉर्ड हे आजींचं माहेरचं नाव की सासरचं, ते विचार. मग त्या घरचा 1911 च्या जनगणनेचा कागद आयर्लंडच्या नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर बघ, फुकट आहे. त्यात आयरिश येतं का, याचा रकाना असतो. तो वाचून मला लिही. तोवर ते टिपण कुणाला देऊ नकोस.

तुझी मावशी