बी.कॉम. झालंय, आता परत कॉलेज कशाला?

गेल्या दोनेक वर्षांत माझ्या समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की समोरची बाई खुर्चीत टेकायच्या आत मला कळतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आलेल्या आपल्या मुली, तिकडे बी.कॉम., एम.कॉम. झालेल्या, चार-पाच वर्षं नोकरी केलेल्या, इथं एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर, घरात बसलेल्या, आणि कोणीतरी सांगितलेलं असतं की कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, अकाउंटिंगचा नाहीतर बिझनेसचा कोर्स कर. मग रडणं एकच, ताई मी परत शून्यापासून सुरू करू का, आणि तेही *तसल्या* कॉलेजात?

त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. सांगलीकडची. लग्नाआधी चार वर्षं एका सीएच्या ऑफिसात होती. जीएसटी २०१७ च्या जुलैत आला तेव्हा पोर्टल सारखं बंद पडायचं, पहिले रिटर्न तिने रात्री बारा-बारापर्यंत बसून भरलेले. हे तिने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं, तेही सहज, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय.

पहिल्या भेटीत मात्र वेगळंच. "मी काहीच करत नाही हो ताई. भिशीत बायका विचारतात काय करतेस, मी म्हणते काही नाही. आता काय सांगू, कम्युनिटी कॉलेजात जाते? माझी जाऊ रटगर्स युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतेय."

इथं माझी चूक कबूल करते. पहिल्या दोन भेटी मी तिला धीर देण्यात घालवल्या, तू हुशार आहेस, लोकांचं काय घेऊन बसलीस वगैरे. एकोणीस वर्षं हे काम करतेय तरी हा मोह सुटत नाही. धीराने काही हललं नाही, तिने फक्त मान डोलावली. माझा आधीपासूनचा विश्वास आहे की माणसाला परिस्थितीपेक्षा तो स्वतःशी काय बोलतो ते जास्त छळतं, पण ते वाक्य नुसतं "चुकीचं आहे" म्हणून जात नाही, पुरावा समोर ठेवावा लागतो. आणि पुरावा माझ्याकडे नव्हता, तिच्याकडे होता.

तिसऱ्या भेटीला मी सांगितलं, कॉलेजच्या साइटवरून पहिल्या अकाउंटिंग कोर्सचा सिलॅबस प्रिंट करून आण. आणला. मी तिच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हटलं, यातलं जे जे तू सांगलीत हाताने केलंयस त्यावर टिक कर, जे फक्त वाचलंयस त्यावर नको.

चौदा ओळी होत्या. जर्नल, टिक. ट्रायल बॅलन्स, टिक. बँक रिकन्सिलिएशनवर तर तिने टिक इतकी जोरात केली की कागद फाटला. डेप्रिसिएशन, उधारी-वसुली, स्टॉक, सगळ्यावर टिक. मी गप्प. शेवटी अकरा टिका झाल्या आणि तीन ओळी कोऱ्या राहिल्या, इथला पेरोल, इथला सेल्स टॅक्स, आणि टॅलीच्या जागी क्विकबुक्स हे इथलं सॉफ्टवेअर.

ती त्या कागदाकडे बघत बसली. मिनिटभर तरी. मग म्हणाली, "एवढंच?"

मी म्हटलं, "तूच मोजलंस."

"म्हणजे डेबिट-क्रेडिट तेच आहे."

हसायला लागली आणि मग रडली, दोन्ही एकदमच. मला विचाराल तर सहा वर्षं ती ज्याला शून्य म्हणत होती ते शून्य नव्हतंच, त्या तीन कोऱ्या ओळी होत्या. हे तिच्या लक्षात आलं तेव्हाच माझ्याही नीट लक्षात आलं, आणि तेव्हापासून ही पेन्सिल मी बऱ्याच जणींच्या हातात दिलीये.

आता "तसल्या कॉलेजा"बद्दल, कारण निम्मी भीती माहिती नसल्याची असते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांचं कॉलेज नाही. १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं निघालं, आज देशभर हजारच्या आसपास आहेत, न्यू जर्सीत १८. फी कमी, संध्याकाळचे क्लास, आणि मुख्य म्हणजे ती आपल्या काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे, बघून चालतात. टर्नपाइक हायवेच्या एक्झिट ८ए भोवती, क्रॅनबरी-मनरोकडे गाडी घेऊन गेलात तर दोन्ही बाजूला गोडाऊनंच गोडाऊनं, वर नेवार्क-एलिझाबेथचं बंदर, म्हणून इथल्या बिझनेस विभागांत सप्लाय चेन, लॉजिस्टिक्स दिसतं. फेडरल पैसा घेणाऱ्या करिअर कोर्सेसना २०१८ च्या पर्किन्स कायद्याप्रमाणे आसपासच्या नोकऱ्यांची गरज किमान दर दोन वर्षांनी तपासावी लागते, आणि त्यात स्थानिक मालक-मॅनेजर लोकांना विचारावं लागतं. मी एकदा अशा मीटिंगला पाहुणी म्हणून बसले होते. एक माल पाठवणाऱ्या कंपनीवाला सांगत होता की मला थिअरी नको, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल पाठवल्याचा कागद, वाचता येणारा, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करणारा आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाला नीट ईमेल लिहिणारा माणूस द्या. शिकवणारेही बरेचसे दिवसा कुठेतरी काम करून रात्री शिकवायला येणारे. हे प्रत्येक ठिकाणी सारखंच चांगलं असतं असं अजिबात नाही हं, काही विभाग नुसती पुस्तकं वाचून दाखवतात. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधी विभागात जाऊन सरळ विचारा, तुमच्या सल्लागार समितीवर कोणत्या कंपन्या आहेत आणि मागच्या वर्षीची मुलं इंटर्नशिपला कुठं गेली. तिथं पटकन नावं आली तर ठीक, "बघून सांगतो" आलं तर दुसरं कॉलेज बघा.

अजून एक, इथं फार जणी फसतात. एएस आणि एएएस, या कॉलेजातल्या दोन प्रकारच्या डिग्र्या, दिसायला सारख्या पण काम वेगळं. एएस साधारण ६० क्रेडिटची, पुढं चार वर्षांच्या कॉलेजात जायचं असेल तर, आणि न्यू जर्सीत २००८ पासून सरकारी युनिव्हर्सिट्यांशी तसा ट्रान्सफर करार आहे. एएएस थेट नोकरीसाठी, तिची क्रेडिट्स पुढं सगळी चालतीलच असं नाही. आणि तुमच्याकडे आधीच बी.कॉम. असेल तर पूर्ण डिग्रीच्या मागे न लागता छोटं सर्टिफिकेट पुरतं का ते बघा, तिकडच्या डिग्रीचं मूल्यांकन करून घ्या. एच-४ वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. नोकरीला मात्र ईएडी, म्हणजे कामाचं परवाना-कार्ड, लागतं, ते २०१५ पासून मिळतं पण सगळ्यांना नाही, नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम कुठवर आलंय त्यावर आहे. आधी वकिलाला विचारा, मग मला.

तिने सर्टिफिकेटच घेतलं. नवरा म्हणाला एमबीएच कर ना, त्याच्याशी एक भेट वेगळी घेतली, ते "एमबीएच"मधलं च काढायला मला पाऊण तास लागला, पण ते असो.

ईएडी अजून अडकलंय, नोकरी लागली असं खोटं सांगणार नाही. पण ऑक्टोबरात फोन आला, आवाजच वेगळा. कोर्सात पेरोलचा धडा सुरू झाला होता. "ताई, इथं सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५, तेवढंच परत मालकाचं, आपल्या पीएफसारखंच की! आणि सेल्स टॅक्स ६.६२५, पण कपड्यांवर नाही, मला माहीतच नव्हतं, सहा वर्षं कपडे घेतेय." मग म्हणाली, काल सरांनी बँक रिकन्सिलिएशन दिलं आणि तिला दोन पोरांच्या शेजारी बसवलं, समजावून सांग म्हणून.

"दोन डॉलरचा फरक येत होता ताई. ती पोरं म्हणाली, सोड, दोनच डॉलर आहेत. मी म्हटलं, नाही, बसा. पावणेदहाला सापडला."