वाचकांचे प्रश्न: ‘नमस्ते’ची लांबी अठरा कशी?

प्रश्न: सर, मी सी भाषेसाठी छोटा कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) लिहितोय. लिनक्सवर एल उपसर्ग लावलेल्या (म्हणजे प्रत्येक चिन्ह एका रुंद खणात ठेवणाऱ्या) ‘नमस्ते’ची लांबी ६ यायला हवी, ती १८ येते. ‘हेलो’ इंग्रजीत लिहिलं तर बरोबर ५ येते. कुठे चुकतंय?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर: तुझा १८ हा आकडाच चूक दाखवतोय. ‘नमस्ते’त न, म, स, हलन्त, त आणि एकार अशी सहा युनिकोड चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे फाइलमध्ये चिन्हं बाइटच्या रूपात साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. तू फाइलमधला एकेक बाइट उचलून रुंद खणात टाकतोयस. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, म्हणून तिथे चूक लपली. चाचणी नेहमी आपल्या लिपीत घ्यावी, असं मी आग्रहाने सांगतो.

आधी बाइट जुळवून चिन्हाचा युनिकोड क्रमांक काढ (‘न’चा २३४४), मग तो खणात लिही. लिनक्सवर खण ४ बाइटचा, विंडोजवर २ चा. त्यामुळे खणाचा आकार कोडमध्ये विखरून ठेवू नकोस. एकाच जागी ठेव.

आणि मजकूर संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्यही पूर्ण खणाचं हवं. माझ्या पहिल्या कंपायलरमध्ये मी तिथे एकच बाइट सोडला होता. छापताना ओळ शेजारच्या मजकुरात घुसायची, आणि कारण सापडायला दोन रात्री गेल्या. लिनक्सवर ‘नमस्ते’ची एकूण जागा २८ बाइट (सहा चिन्हं आणि शून्य मिळून सात खण, प्रत्येकी ४ बाइट) भरली पाहिजे. तेवढी भरते का, ते पाहून कळव.