आरशातले न हलणारे डोळे

प्रश्न : आरशासमोर उभे राहून मी आधी माझ्या डाव्या आणि मग उजव्या डोळ्याकडे पाहतो, तेव्हा डोळे हलताना मला कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीला मात्र ते सहज दिसतात. असे का होते?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि दोष आपल्या डोळ्यांचाही नाही. बारीक तपशील टिपणारा दृष्टिपटलाचा मध्यवर्ती भाग अगदी लहान असून त्याच्या वाट्याला समोरच्या दृश्याचे जेमतेम 2 अंश येतात. हात पूर्ण लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा व्यापली जाते, साधारण तेवढेच. त्यामुळे आपली नजर दर सेकंदाला सुमारे तीन वेळा एका जागेवरून दुसरीकडे झेप घेत असते. या प्रत्येक झेपेच्या वेळी दृष्टिपटलावरून सारे दृश्य वेगाने सरकते, म्हणजे जग क्षणोक्षणी पुसट होऊन घसरताना दिसायला हवे. ते दिसत नाही, कारण झेपेच्या त्या अत्यल्प काळात मेंदू दृष्टीची संवेदनशीलता कमी करतो आणि झेप संपल्यावर येणारे ठळक चित्र मधल्या पुसट चित्राला झाकून टाकते. आपण आरशात जी हालचाल शोधता, ती नेमकी याच काळात होऊन गेलेली असते. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात स्वतःकडे पाहून हाच प्रयोग केल्यास डोळे हलताना बहुधा दिसतील, कारण पडद्यावर चित्र उमटायला किंचित उशीर लागतो आणि तोवर आपली नजर स्थिरावलेली असते.

दृष्टीतील अशी रिकामी जागा केवळ काळातच असते असे नाही. दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी नस, जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारिओत यांनी सतराव्या शतकात दाखवून दिला. तो स्वतः अनुभवण्यासाठी डावा डोळा मिटावा, दोन्ही हात लांब करून अंगठे शेजारी शेजारी उभे धरावेत, उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्यावर नजर रोखावी आणि उजवा अंगठा त्याच उंचीवर हळूहळू उजवीकडे न्यावा. वीतभराहून थोड्या कमी अंतरावर अंगठ्याचे टोक नाहीसे होते. (नजर चोरून तिकडे वळू द्यायची नाही, हाच यातला अवघड भाग.) आता टोक नाहीसे झाले म्हणून तिथे काळे भोक दिसते का? मुळीच नाही. मागे भिंत असेल तर भिंतच सलग दिसते, कारण आजूबाजूच्या माहितीवरून मेंदू तिथे काय असावे हे ठरवून मोकळा होतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात पाहण्याच्या क्रियेला ‘नकळत केलेले अनुमान’ म्हटले ते याच अर्थाने, आणि डोळ्याला कॅमेऱ्याची उपमा देण्यापेक्षा हे वर्णन मला कितीतरी अधिक यथार्थ वाटते.

प्रश्न : हे जर अनुमानच असेल, तर भ्रम आहे हे कळल्यावर तो नाहीसा का होत नाही?

उत्तर : कारण हे अनुमान विचारपूर्वक केलेले नसते. 1889 मध्ये म्यूलर-लायर यांनी दाखवलेल्या आकृतीत दोन समान रेषांपैकी एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले आणि दुसरीच्या टोकांचे बाहेर फाकलेले असतात. पट्टीने मोजून खात्री करून घेतली तरी फाकलेल्या टोकांची रेषा लांबच दिसत राहते. ऐकण्याचेही तसेच आहे. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ओठ ‘गा’ म्हणताना दाखवून ध्वनी ‘बा’ असा ऐकवला, तेव्हा बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू आले. युक्ती माहीत असूनही ‘दा’ ऐकू येतो. डोळे मिटले की ‘बा’ होतो आणि उघडले की पुन्हा ‘दा’. ओठ आणि आवाज एकाच तोंडातून येत असणार, हे मेंदू इतके गृहीत धरून चालतो की दोन्ही साक्षी न जुळल्यास तो तिसराच उच्चार स्वीकारतो. अर्थात सर्वांनाच हा अनुभव येतो असे नाही. काहींना दर वेळी ‘बा’च ऐकू येतो.