सरांच्या शोकसभेत मी काय बोलू?

"ताई, कॉलेजात आम्हाला नाटक शिकवणारे सर गेले. शोकसभेत मी बोलावं असा मित्रमैत्रिणींचा आग्रह आहे. पण मी नाटक केव्हाच सोडलं, आता शाळेत गणित शिकवते. सर आजारी असताना भेटायलाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते? प्रयोग जवळ आलेला असताना त्यांनी एकदा माझी भूमिका काढून दुसरीला दिली, तेही अजून सलतं. हे पोटात ठेवून चांगलं-चांगलं बोलणं खोटं वाटतं. वर्गात मात्र मी आजही वाक्याचा शेवट गिळत नाही. सर तालमीत शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसायचे आणि आमचा आवाज पडला की नुसता हात वर करायचे. काय करू?"

तो वर झालेला हात तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथेच थबकले. तुमचं भाषण तिथेच आहे.

वाक्याच्या शेवटी आवाज पडणं हा नवख्या नटांचा नेहमीचा दोष. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे माणूस आला की गेला, हेच नेमकं प्रेक्षकाला कळत नाही. ही खोड मोडायला सरांनी तुमच्यामागे किती तालमी घालवल्या असतील! आज मागच्या बाकावरच्या मुलालाही तुमचं गणित ऐकू येतं, ते त्यामुळेच. नाटक सोडलेल्याला बोलायचा हक्क नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बहुतेक विद्यार्थी पुढे रंगभूमीवर राहणार नाहीत, हे नाटक शिकवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी तो प्रत्येकाच्या आवाजावर तेवढीच मेहनत घेतो.

अभिनय शिकवणारे थोर रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की अखेरच्या काळात मॉस्कोत काही निवडक नटांबरोबर फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'तार्त्युफ' या नाटकाच्या तालमी घेत होते. १९३८च्या ऑगस्टमध्ये ते गेले. नटांनी काम सोडलं नाही. त्यांच्यातल्या केद्रोव्ह यांनी ते पुढे नेलं आणि १९३९मध्ये नाटक रंगमंचावर आलं. त्यांच्यातल्याच तोपोर्कोव्ह यांनी नंतर स्तानिस्लावस्कींच्या तालमींवर पुस्तक लिहिलं. त्यात गुरूबद्दलचा आदर आहेच, पण खरी गंमत आहे ती तालमीच्या तपशिलात: गुरूने नटाला कुठे अडवलं, काय पुन्हा करायला लावलं. मला शिक्षकाची आठवण अशीच आवडते. "कधीही न भरून येणारी पोकळी" म्हटलं की कुणाचाही चेहरा डोळ्यांपुढे येत नाही. तुमच्या सरांचा हात सांगितलात की सभेतले निम्मे लोक तो पाहतील.

भूमिकेची गोष्ट सभेत नको. तिथे घरची माणसं असतील, आणि सर आता आपली बाजू सांगू शकत नाहीत. घरी मात्र ती सगळी लिहून काढा, रागासकट. दुसऱ्या कुणी भूमिका काढली असती तर तुम्ही एव्हाना विसरलाही असता. सरांवर इतका जीव होता म्हणूनच ते लागलं. तेव्हा हात सांगितलात आणि भूमिका सांगितली नाहीत, तर त्यात खोटं काही नाही.

भेटायचं राहिलं ते राहिलं. व्यासपीठावर त्याची माफी मागत बसू नका, सभा सरांची आहे.

चार-पाच मिनिटं पुरेत. पाठ करू नका, कागद हातात असू द्या. गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, मग पुढचं वाक्य घ्या. थांबलेल्या नटाकडे प्रेक्षक किती लक्ष देऊन पाहतात, हे सरांनीच शिकवलं असेल. आणि वाक्याचे शेवट सांभाळा.

एक काम मात्र लवकर करा. सरांच्या संहितांच्या समासात त्यांच्या हातच्या खुणा असतील: कुठे थांबायचं, कोण कुठून येणार, कुणाचा आवाज कुठे पडतो. घर आवरताना असे कागद सगळ्यात आधी रद्दीत जातात. घरच्यांना सवड मिळाली की विचारा, आणि त्यांची परवानगी असेल तर तुम्ही वर्गमित्रांनी मिळून पानन् पान स्कॅन करून ठेवा.