सुगम्य, सुलभ आणि विसरलेला 'सुग'

प्रश्न: धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीने दारात रॅम्प बांधला आहे. फलकावर 'दिव्यांगांसाठी सुलभ प्रवेश' लिहावं की 'सुगम्य प्रवेश'? एक सभासद म्हणतात, 'सुगम्य' हिंदीतून घुसलेला आहे.

उत्तर: घुसलेला नाही. 'हिंदीतून आला' हा शेरा नागपुरात फार स्वस्त झालाय. १९५६पर्यंत हे शहर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. हिंदी-मराठी एकाच कचेरीत नांदत होत्या आणि कोशकार डॉ. रघुवीर संस्कृत धातूंना उपसर्ग-प्रत्यय जोडून सरकारी शब्द घडवत होते, तेही इथेच. दोघींनी संस्कृतातून उचललेल्या शब्दावर एकीचीच मालकी कशी? 'सुगम्य' सर्वतोमुखी झाला तो ३ डिसेंबर २०१५ला सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानामुळे, हे मात्र खरं.

चुकतो तो 'सुलभ'. लभ् म्हणजे मिळणं, गम् म्हणजे जाणं, पोचणं. कूलर सुलभ हप्त्यांनी मिळतो. इमारतीत शिरणं ही मिळण्याची बाब नाही. सरकारी तपासणीतला लाडका 'उपलब्ध' हाही लभ्‌चाच वंशज. 'रॅम्प उपलब्ध: होय', 'प्रसाधनगृह उपलब्ध: होय'. प्रसाधनगृहाला कुलूप आहे आणि किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्या शिपायाकडे आहे, हे त्या रकान्यात मावत नाही. वस्तू आहे, पण तिथवर जाता येत नाही. दोन धातूंमधला हा फरक ज्याला कळत नाही, त्याने फलक रंगवू नयेत.

आता शुद्धिवाद्यांकडे वळू. त्यांचं म्हणणं असं की 'सुगम' असताना 'सुगम्य' कशाला? पाणिनीने सु, दुर् आणि ईषत् यांच्यापुढे 'सोपं-अवघड' या अर्थी खल् प्रत्यय सांगितला, त्यातून सुकर-दुष्कर, सुलभ-दुर्लभ, सुगम-दुर्गम झाले. वर आणखी 'य' म्हणजे ओझं. व्याकरण पाठ आहे, कान बंद आहेत. मराठीत 'सुगम' म्हटलं की पुढे 'संगीत' येतं, फार तर 'सुगम व्याकरण'. 'सुगम इमारत' ऐकून कुणाला दार आठवणार? शिवाय गम्य हा तयार शब्द आहे, त्याला सु लावायला कुणाची हरकत असू नये. अगम्य चालतो ना?

पण खरी गंमत दुर्गमच्या धाकट्या भावात आहे. दुर्गम आपल्याकडे रोज छापून येतो, बहुतेक वेळा गडचिरोलीच्या बातमीत. त्याच दुर् आणि गम्‌पासून झालेला दुसरा शब्द म्हणजे दुर्ग. जिथे कष्टाने जावं लागतं तो दुर्ग. सीताबर्डीचा किल्ला दुर्ग आहे तो तटामुळे नव्हे, वर जाणं अवघड म्हणून. पाणिनीच्या सूत्रांना कात्यायनाने पुरवणी जोडली, त्या वार्तिकात त्याची जोडी दिली आहे: सुग आणि दुर्ग. सुखाने जिथे जाता येतं तो सुग! ऋग्वेदात तर 'सुगः पन्था अनृक्षरः' असं आहे (१.४१.४), म्हणजे सोपी, बिनकाट्याची वाट. दुर्ग आपण गावोगावच्या नावांत जपला, सुग मात्र हरवून बसलो. माझं ठाम मत आहे की 'अॅक्सेसिबल'ला 'सुग'च हवा. सुग दार, सुग बस, सुग संकेतस्थळ. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, रंगाऱ्याकडून चुकायची भीती नाही. हसणाऱ्यांनी हसावं.

आणि तीन पायऱ्यांची इमारत दुर्ग असते हे अलंकारिक नाही. १२ मार्च १९९०ला वॉशिंग्टनमध्ये अपंग कार्यकर्ते चाकाच्या खुर्च्या खाली सोडून संसदेच्या पायऱ्या हातांनी, कोपरांनी सरपटत चढले. २६ जुलैला तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा सहीनिशी झाला. आपल्या १९९५च्या कायद्यात रॅम्प होता, पण 'आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत' ही पळवाटही होती; थोडक्यात, मिळालं तर मिळालं. २०१६च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींना पाच वर्षांची मुदत घातली. तरी नियम सल्लावजा राहिले, म्हणून ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात त्या कायद्याखालचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवून सक्तीचे निकष तीन महिन्यांत करायला सांगितलं. लभ्‌कडून गम्‌कडे यायला एकोणतीस वर्षं लागली.

तुमच्या रॅम्पचं माप तुम्ही कळवलं नाहीत, आणि खरी मेख तिथेच असते. उतार १:१२ हवा. १५० मिलिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५० मिलिमीटर उंची, तर लांबी ५.४ मीटर. सोसायट्या दोन मीटरमध्ये घसरगुंडी उरकतात. त्यावर खुर्ची ढकलली की पुढची चाकं उचलली जातात आणि बसलेला मागे कलंडतो. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, कठडा दोन्ही बाजूंना, वर दारापाशी खुर्ची वळेल इतकी १५०० मिलिमीटर सपाट जागा. गुळगुळीत ग्रॅनाइट नको, पहिल्या पावसातच चाक आणि कुबडी दोन्ही घसरतात. स्टीलचा कठडा उघड्यावर असेल तर मे महिन्यात दुपारी त्याला हात लावता येत नाही. वर छप्पर घाला. उतार संपतो तिथे नाली उघडी नाही ना, आणि स्कूटर उभ्या राहणार नाहीत ना, हेही बघा.

'दिव्यांगांसाठी' काढून टाका. गुडघे धरलेल्या आजी, बाबागाडी, सिलिंडरवाला, सगळेच तिथून जाणार. रॅम्प मापात असेल तर, 'सुग' रुळेपर्यंत, 'सुगम्य प्रवेश' आणि बाण, एवढं पुरे. नसेल तर कंत्राटदाराला परत बोलवा. त्या दोन मीटरच्या प्रकाराला चालेल असा शब्द माझ्याकडे आहे, पण तो फलकावर लिहिता येणार नाही.