आजोबांनी अकराशेचा भोपळा का घेतला?

चिऊ, सलाम.

तुझा व्हॉइस मेसेज काल ड्युटीवरून आल्यावर ऐकला आणि एकटाच हसत बसलो. म्हणजे कापणीच्या सणाला चर्चमध्ये लिलाव झाला, आजोबांनी एक लाल भोपळा अकराशे रुपयांना घेतला, आणि बाहेर आल्यावर तेच आजोबा रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडले. आता तुला कळेना की आपण श्रीमंत की गरीब, आणि आपली माणसं अशी का वागतात. बरोबर आहे, इथे मस्कतला तू असलं काही बघितलंच नव्हतंस, इथे दानाची थैली फिरते, त्यात नोट टाकली की झालं.

तर आधी लिलावाचं. नगरकडच्या आपल्या मंडळ्या, म्हणजे चर्चची माणसं, बहुतेक खेड्यापाड्यातल्या. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 मध्ये, त्यानंतर हळूहळू गावोगाव मंडळ्या झाल्या, आणि त्या लोकांच्या हातात रोकड कुठली? मग जे पिकलं त्यातलं पहिलं देवाला. बाजरी, कांदे, शेंगा, अंडी, एखादी जिवंत कोंबडी पाय बांधून. उपासना झाली की ते सगळं विकून पैसे मंडळीच्या कामाला. आता शेती थोड्यांचीच राहिली, पण रीत राहिली, शहरातल्या बायका केक नाहीतर पुरणपोळ्या आणतात. आणि बोली मुद्दाम चढवायची असते गं! कुणी नारळ घेतो, पैसे देतो आणि तोच नारळ परत टेबलावर ठेवतो, की अजून एकदा विका. तिथे भोपळ्याची किंमत कुणी करतच नाही. यंदा पोटाला मिळालं त्याबद्दल देवाचे आभार, एवढंच.

रिक्षाचं म्हणशील तर आजोबांच्या हिशेबात तो व्यवहार, आणि व्यवहारात ते कुणाला एक रुपया सोडत नाहीत. मला विचारशील तर रिक्षावाल्याला पण ते दहा रुपये द्यायला हवे होते. हे आजोबांना सांगू नकोस.

पण तुझा खरा प्रश्न पुढचा होता. संडेस्कूलमध्ये वचन पाठ करून घेतात ना, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर लागते, चोर घर फोडतात. आणि मग तू विचारलंस, पप्पा, मग तुम्ही मस्कतला कशाला गेलात?

पैशासाठीच आलोय. खोटं कशाला बोलू. तुझी फी, आजीच्या गोळ्या, घरावरचं कर्ज.

पण याचं उत्तर आपल्याच लोकांनी दोन तऱ्हांनी देऊन ठेवलंय असं मला वाटतं. एक रेव्हरंड टिळक, नारायण वामन, ज्यांची भजनं तू दर रविवारी म्हणतेस. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, मग नगरला राहिले, आणि तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे, त्यामुळे सोनं आणि माती सारखीच मानायची ही गोष्ट त्यांना काही साहेबांकडून शिकावी लागली नाही, ती इथलीच. पैसा हातात टिकायचा नाही, आला की कुणालातरी देऊन मोकळे. 1917 मध्ये तर मिशनचा पगारसुद्धा सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार, म्हणजे ख्रिस्ताला मानणाऱ्यांचा एक मेळा, सुरू केला. मोठा माणूस, वादच नाही. पण त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, आठवणी लिहून ठेवल्यात, आजीच्या कपाटात ते पुस्तक आहे, ते वाच. नवऱ्यानं सगळं देवावर सोडलं की चूल कुणाला पेटवावी लागते ते त्यात कळतं, आणि बाई रडत नाही बरं का, हसवते.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. केडगावच्या. नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं, तू पुण्याला ट्रेनने जातेस तेव्हा लागतं ते. या बाईंनी पैशाकडे पाठ नाही फिरवली. अमेरिकेत गावोगाव भाषणं देऊन विधवांच्या शाळेसाठी निधी जमवला, पुढे केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, छापखाना टाकला. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतात स्वतः जाऊन शेकडो मुली-बायका उचलून आणल्या, आणि त्यांना जेवण लागतं, कपडे लागतात, ते नुसत्या प्रार्थनेनं होत नाही, प्रार्थना तर त्या करतच होत्या. म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि ते छापलं मुक्तीतल्या, म्हणजे त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्या, बायकांनीच. एवढा पैसा हातातून गेला, पण तो आपला आहे असं बाईंना कधी वाटलं नाही. 1922 मध्ये गेल्या त्या केडगावलाच.

मला रमाबाईंचं जास्त पटतं. टिळकांसारखं सोडून द्यायची माझ्यात ताकद नाही हे पण एक कारण असेल.

आणि हो, यूट्यूबवर ते ब्रदर लोक येतात ना, अमुक दान पाठवा आणि गाडी घ्या, व्हिसा घ्या, आजी रात्री लावून बसते ते. तो धर्म नव्हे, तो धंदा. इथे आमच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला एकजण तेच सांगायला लागला तर एका केरळी नर्सताईनं त्याला सरळ विचारलं, मग येशूला गाडी का नाही मिळाली? सगळे गप्प.

आता सायकलचं. आजोबांनी दिले तसे मी पण माझे सायकलसाठी साठवलेले पैसे चर्चला देऊ का, असं विचारलंस. सगळे देऊ नकोस. शाळेत जायला सायकल लागणारच आहे तुला. बायबलमधल्या त्या गरीब विधवेनं दानपेटीत आपल्याकडचं सगळं टाकलं ते खरं, पण तिला कुणी बघतंय म्हणून तिनं टाकलं नव्हतं, आणि तुला मात्र लिलावात सगळ्यांनी आजोबांसाठी टाळ्या वाजवल्या ते फार आवडलेलं दिसतंय, मेसेजमध्ये तीनदा सांगितलंस! तुला वाटेल तेवढे दे, पण थैलीत घाल, पाकिटावर नाव न लिहिता. आणि किती दिले ते मला पण सांगायचं नाही.

आजीला सांग, पैसे गुरुवारी पाठवतो.

तुझा पप्पा