जर्नलच्या विशेषांकाचं अतिथी संपादन स्वीकारावं का? किती वेळ जातो, एपीआयला गुण मिळतात का?

गुणांचं, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीसाठी मोजतात त्या एपीआयचं, आधी उरकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या नियमावलीतल्या तक्त्यात पुस्तकाच्या संपादनाला गुण आहेत, जर्नलच्या अंकाच्या अतिथी संपादनाला वेगळी ओळ नाही. तुमच्या कॉलेजने कुठल्या रकान्यात बसवून दिलं तर दिलं. मानधनाचा विषयच नसतो. वेळ म्हणाल, तर मला नऊ महिने सांगितले होते, चौदा लागले. पण तुम्ही 'स्वीकारावं का' असं विचारलंय, म्हणून लिहायला बसले. माझं नाव अशा एका अंकावर आहे, जो मी आजही कुणाच्या हातात देत नाही.

मी नाशिकला भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी एका द्वैभाषिक त्रैमासिकाने 'नाशिक जिल्ह्याचं पाणी' या विषयावर अंक करायला सांगितलं. मी हरखूनच गेले. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात येवल्याला जेमतेम ५०० च्या आसपास. मोसम आणि आरम नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी रीत, १९१६ चं दारणा धरण, वाघाडच्या कालव्यावरच्या पाणीवापर संस्था, पाऊस कमी झाला की जायकवाडीला पाणी सोडण्यावरून पेटणारं भांडण. एका जिल्ह्यात एवढं सगळं असताना लेखांना काय तोटा!

एकतीस लेख आले. बाहेरच्यांना वाटतं संपादन म्हणजे शुद्धलेखन. खरं काम परीक्षक मिळवणं, म्हणजे लेख तपासून मत देणारे त्या विषयातले जाणकार. दोन हवे असतील तर सहा जणांना विचारायचं. तिघं उत्तर देत नाहीत, एक जण 'हो' म्हणून दोन महिने गप्प बसतो. ती दिवाळीची सुट्टी माझी फोनवरच गेली.

त्या एकतीसमध्ये आमच्या विभागप्रमुखांचा लेख होता, त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याबरोबर लिहिलेला. तालुकावार पाऊस आणि पीकबदल. दोन्ही परीक्षकांनी किरकोळ दुरुस्त्या सांगून पास केला होता. मी तो छापून घेऊन घरी वाचत होते. तक्ता ३. येवल्याचा रकाना आणि इगतपुरीचा रकाना, २००९ ते २०१३, पाचही वर्षांचे आकडे तेच. दशांशासकट तेच. मी पट्टी ठेवून एकेक ओळ पुन्हा पाहिली. इगतपुरीला वर्षभरात ४८७ मिलिमीटर! तिथे एकट्या जुलैत याच्या दुपटीने पाऊस होतो. आणि त्याच आकड्यांवर पुढे इगतपुरीच्या भाताबद्दल दोन पानं निष्कर्ष.

परीक्षकांना मी दोष देत नाही. एक भोपाळचे, एक म्हैसूरचे. त्यांना इगतपुरी काय आणि येवला काय, दोन्ही नावंच. पण अतिथी संपादक म्हणून तिथल्या माणसाला बोलावतात ते याचसाठी ना?

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये तक्ता घेऊन गेले. सर म्हणाले, "मॅडम, विशेषांक म्हणजे घरचं कार्य. आलेल्या पाहुण्याला पंगतीतून उठवतात का?" मी म्हटलं, "सर, मूळ नोंदी द्या, तक्ता मी बसून दुरुस्त करून देते." महिनाभर वाट पाहिली. नोंदी आल्या नाहीत. मी लेख नाकारला आणि मुख्य संपादकांना कारणासकट कळवलं.

अंक छापून आला तेव्हा पान ६१ वर तोच लेख होता. तक्त्यासकट. फोन केला तर मुख्य संपादक म्हणाले, "अहो, अंतिम निर्णय मंडळाचा असतो." मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मुखपृष्ठावर माझं नाव. आत माझं संपादकीय, त्यात वाक्य, 'या अंकातला प्रत्येक लेख परीक्षणातून गेला आहे.' दोन वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका मुलीचा फोन आला, "मॅडम, तक्ता ३ ची मूळ आकडेवारी मिळेल का?" मी तिला खरं ते सांगितलं आणि तो लेख वापरू नकोस म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

त्याच अंकात सुरगाण्याच्या एका शिक्षकांचा लेख आहे, गावातल्या झऱ्यांवर. पहिला खर्डा विस्कळीत होता, संदर्भ अर्धवट. तीनदा परत पाठवला, तिन्ही वेळा त्यांनी न कंटाळता नव्याने लिहिला. झरा कुठल्या महिन्यात आटतो याची नोंद त्यांनी घराघरांत विचारून केली होती. तो लेख आणि पान ६१ एकाच पुठ्ठ्यात बांधले गेले, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

तेव्हा 'हो' म्हणायच्या आधी ईमेलवर लेखी घ्या: नाकारण्याचा शेवटचा अधिकार कुणाचा, आणि तुम्ही नाकारलेला लेख घेतला तर तुमचं नाव काढणार का. तुमचा स्वतःचा आणि तुमच्या विभागातल्यांचा लेख दुसऱ्या कुणी हाताळावा. डीओएजे या मुक्त जर्नल्सच्या आंतरराष्ट्रीय सूचीचा तर नियमच आहे की अतिथी संपादकांचे स्वतःचे लेख अंकाच्या २५ टक्क्यांहून जास्त नकोत. आणि जर्नल लेखकांकडून पैसे घेत असेल आणि 'तुमच्या ओळखीतले लेखक आणा' हे पहिल्याच पत्रात असेल, तर सरळ नाही म्हणा. त्यांना तुमची फोनची यादी हवी आहे. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशनाचे ८००० हून जास्त लेख मागे घेतले गेले, त्यातले बहुतेक विशेषांकांतलेच. आणि यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, म्हणजे आता यादीकडे बोट दाखवायचीही सोय नाही.

सगळीच जर्नल्स अशी नसतात, हेही सांगते. मुख्य संपादक चांगला असेल तर यासारखं शिकवणारं काम नाही. साहित्याच्या अंकांत लेख मागवून घेतात, तिथली रीत वेगळी असते, त्याबद्दल मी बोलत नाहीये.

सर आता निवृत्त झालेत. मध्यंतरी कालिदास कलामंदिराच्या दारात भेटले, तर पुन्हा तेच, "तुम्ही त्या पोराचं नुकसान करायला निघाला होतात." नाही, सर. त्या मुलाने कुठेतरी एक रकाना दोनदा चिकटवला असेल, एवढंच. चार दिवसांचं काम होतं. त्याच्याबरोबर इगतपुरीच्या तहसील कचेरीत जाऊन पावसाच्या नोंदी उतरवून आणायला मी तयार होते, आणि हे मी तुम्हाला त्याच दिवशी केबिनमध्ये सांगितलं होतं.